ग्लेनिसची फुली

प्लेट उलटी करून तळ पाहिला, एवढंच झालं होतं. जेवण अजून वाढलं नव्हतं, प्लेट कोरी होती, आणि स्टोकमध्ये, चिनी मातीच्या भांड्यांच्या त्या गावात, जन्मलेलं माणूस कोऱ्या प्लेटसमोर बसलं की पुढचं आपोआप होतं. एक हात कडेला, दुसरा खाली, आणि प्लेट पालथी. कुठल्या कारखान्याची, साधारण कुठल्या काळातली, जमलं तर कुणाच्या हातची. लग्नात करतात, मयतानंतरच्या चहाला करतात, हॉटेलात वेटरच्या नाकासमोर करतात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. ग्लेनिस मेचिनने उभ्या आयुष्यात अनोळखी प्लेटमधून तळ न बघता घास घेतला नसेल. पण हे लंडन होतं, लेकीचं घर होतं, नातीचा दुसरा वाढदिवस होता, आणि समोर जावयाची आई बसली होती, पोर्तोहून आलेली, ग्रासा नावाची, गळ्यात बारीक सोन्याची साखळी घातलेली नीटनेटकी बाई. स्वयंपाक तिने केला होता, टेबलही तिनेच मांडलं होतं. तिने पाहिलं आणि तिचे कान लाल झाले. ती उठली, ग्लेनिसच्या हातातली प्लेट काढून घेतली, सिंकपाशी जाऊन साबण लावून धुतली, फडक्याने खसाखसा पुसली आणि परत आणून ठेवली. मग ग्लेनिसची लेक, लिंझी, पोर्तुगीजमध्ये काहीतरी म्हणाली आणि सगळे हसले. दोन वर्षांची इनेशही हसली, सगळे हसतात म्हणून. "काय म्हणालीस गं?" ग्लेनिसने विचारलं. "काही नाही आई. त्यांना सांगितलं, मनावर घेऊ नका. तिकडची माणसं करतात तसं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. ग्लेनिसने मासा खाल्ला, बटाटे खाल्ले, पाव तेलात बुडवून खाल्ला, छान झालंय म्हणाली, आणि छान झालंच होतं. तिकडची म्हणजे कुठली, हे तिला विचारायचं होतं. जिथे तू जन्मलीस, जिथल्या शाळेच्या मागच्या भिंतीवर तुझं नाव अजून कोरलेलं आहे, तिकडची? दुसऱ्याची पोर म्हणाली असती तर ग्लेनिसने तिला तिथल्या तिथे सोलून काढलं असतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. आणि खरी गोष्ट तर सांगायची राहूनच गेली. प्लेटच्या तळावर शेल्डन अँड बूथचा शिक्का होता, तिच्याच कारखान्याचा, आणि शिक्क्याच्या बाजूला निळ्या रंगात तीन ठिपके. कारखान्यात प्रत्येक रंगवणारीची आपली खूण असे, कामाचा हिशोब लागावा म्हणून. तीन ठिपके म्हणजे नॉरीन टॅम्स. ग्लेनिसच्या शेजारच्या बाकावर बसणारी, मोठ्याने गाणारी, युनियनच्या सभेत मालकाला घाम फोडणारी नॉरीन. लिंझीने ह्या प्लेटा कुठल्याशा फॅशनेबल बाजारातून 'जुन्या काळच्या' म्हणून आणल्या होत्या. ज्या बाईने तिला लहानपणी मांडीवर घेऊन ओटची धिरडी भरवली तिच्या हातच्या प्लेटमध्ये ती जेवत होती आणि तिला पत्ता नव्हता. ग्लेनिसच्या जिभेवर आलं होतं सगळं, पण तेवढ्यात प्लेट सिंकमध्ये गेली. नूनोने, जावयाने, तेवढं मात्र केलं. बिचारा पुलांची तपासणी करणारा इंजिनियर, खालून बघायची त्यालाही सवय असावी. त्याने स्वतःची प्लेट डोक्यावर धरून तळ वाचायचा प्रयत्न केला. मासा वाढून झाला होता, त्यामुळे थोडं तेल त्याच्या शर्टावर सांडलं. "हे ठिपके कशाचे?" तो विचारायला लागला. "नूनो, आता तू नको सुरू करूस," लिंझी म्हणाली. "जेवण निवतंय." आणि विषय तिथेच मिटला.

मुलगी बदलली, असं म्हणायची सोय नव्हती. मुलीला बदलायलाच तर पाठवलं होतं. ग्लेनिस कपाच्या काठावर सोन्याची रेघ ओढायची. कप फिरत्या चाकावर ठेवायचा, कुंचला टेकवायचा आणि हात हलू द्यायचा नाही, रेघ आपण होऊन कपाभोवती फिरून स्वतःलाच येऊन मिळते. जिथे मिळते तिथे जोड दिसता कामा नये. त्या रेघांच्या जोरावर, आणि नवरा क्लिफर्ड होता तोवर त्याच्या पगारावर, लिंझी शिकली. पहिल्या नाताळाला कॉलेजातून घरी आली तेव्हा तिचे स्वर बदलले होते. 'आई' हाक मारली तरी कुणीतरी दुसरीच मुलगी दारात उभी आहे असं वाटलं. ग्लेनिसला अभिमान वाटला, खोटं कशाला बोला. शेजारणीला मुद्दाम बोलावून लिंझीला बोलतं केलं होतं तिने. मग हळूहळू असं व्हायला लागलं की दुकानात, बसमध्ये, ग्लेनिस बोलली की लिंझी पाठोपाठ तेच वाक्य पुन्हा नीट करून म्हणायची. वेटरला. डॉक्टरला. क्लिफर्डच्या दफनविधीच्या वेळी पाद्रीला. आईचं इंग्रजीतून इंग्रजीत भाषांतर करणारी लेक. तेव्हा ग्लेनिस हसायची. बायका विचारायच्या, पोर येते की नाही गं भेटायला, आणि ती म्हणायची, येते ना, कामाचं फार असतं तिला. इनेश झाल्यावर मात्र सगळं पुन्हा मऊ झालं होतं. इनेश आजीच्या बोटाला धरून झोपायची. इनेशच्या केसांना ओल्या मातीसारखा वास यायचा, कारखान्यातल्या मातीसारखा, असं ग्लेनिसला वाटे, आणि ती तो वास भरून घेऊन गाडीत बसे, तो तिला आठवडाभर पुरे.

त्या रविवारी लिंझी तिला सोडायला युस्टन स्टेशनपर्यंत आली. गाडीला वेळ होता. दोघी गाड्यांच्या वेळांच्या पाटीखाली उभ्या होत्या आणि लिंझी बाहीत अंगठा घालून खेळत होती, म्हणजे काहीतरी मागायचं होतं. लहानपणापासूनची खोड. "आई, तेवीस तारखेचं लक्षात आहे ना?" लक्षात नसायला काय झालं. दोन महिने देशात दुसरं कुणी काही बोलत नव्हतं, देशाने युरोपच्या संघात राहायचं की बाहेर पडायचं, त्याचं मतदान. "नूनोला मत नाही," लिंझी म्हणाली. "अकरा वर्षं इथे कर भरतोय, इथले पूल पडू नयेत म्हणून त्यांच्या खाली लोंबकळतोय, आणि त्याच्याबद्दलच्या प्रश्नावर त्याला मत नाही. माझं एक मत आहे, ते माझं. तुझं तू त्याला दे." ग्लेनिस म्हणाली, "म्हणजे कसं द्यायचं?" "म्हणजे 'राहायचं'पुढे मताची फुली मारायची, आई. नूनोच्या वतीने. इनेशच्या वतीने. बाहेर पडलो तर आम्ही पोर्तोला जाऊ, मी गंमत करत नाहीये. ग्रासा खोली देतायत. इनेश तिकडेच वाढेल." गाडी लागल्याची घोषणा झाली. "तुला तसं काय फरक पडतो गं?" लिंझी अगदी प्रेमाने म्हणाली, तिचा हात हातात घेऊन. "तुझ्या इथे काय बदलणार आहे? आमचं सगळं आयुष्य आहे. मला वचन दे." ग्लेनिसने दिलं. तिला इनेश हवी होती. त्यापुढे युरोप काय आणि संसद काय. "हो गं, दिलं," ती म्हणाली. तुला काय वाटतं आई, हे लिंझीने विचारलं नाही. गाडी सुटल्यावर ग्लेनिसच्या ध्यानात आलं की आपल्याला काय वाटतं ते आपल्यालाही धड माहीत नाही. विचारलं असतं तर शोधलं असतं.

खिडकीतून मागे जाणारी शेतं बघत तिने ते शोधायला घेतलं आणि तिला शेल्डन अँड बूथचं कॅन्टीन आठवलं, शेवटच्या दिवसाचं. सँडविचेस होती, वरून पिवळी पडलेली. मालकांच्या वतीने एक तरुण आला होता, टाय जरा सैल केलेला, आपल्यातलाच वाटावा म्हणून. प्रत्येकीला एक मग भेट. मगावर कारखान्याच्या जुन्या भट्टीचं चित्र आणि खाली सोनेरी अक्षरात आभार. त्याने भाषण सुरू केलं आणि खोलीतल्या यच्चयावत बायकांनी एकदमच मग उलटे केले. कुणी ठरवलं नव्हतं. तळावर दुसऱ्याच देशाचं नाव होतं. त्यांच्या कारखान्याच्या आभाराचा मग परक्या कारखान्यात भाजून आणला होता, स्वस्त पडला म्हणून. कुणी ओरडलं नाही. नॉरीनसुद्धा नाही. एवढ्या बायका आणि एवढी शांतता, त्या पोराला काही कळेना. त्याला वाटलं, मग रिकामे आहेत म्हणून ह्या बायका आत काही आहे का बघतायत. "चहा येतोय," तो म्हणाला. "चहा येतोय हं." त्यानंतर ग्लेनिसला एका नव्या इमारतीत पाठवलं, तिथे नोकरी कशी मागायची ते शिकवत. दाराशी निळी पाटी होती, पिवळ्या चांदण्यांचं कडं असलेली, युरोपच्या मदतीने उभारलेलं केंद्र म्हणून. आत एक मुलगी म्हणाली, तुमच्या अंगी काय काय आहे ते लिहा. ग्लेनिसने लिहिलं, सोन्याची रेघ. मुलगी म्हणाली, तसं नको, 'बारकाव्यांकडे लक्ष' लिहा. पुढे ग्लेनिस शाळेत मुलांना जेवण वाढायला लागली, प्लॅस्टिकच्या ताटात. लिंझी फोनवर म्हणाली होती, "आई, तुमच्या गावात युरोपने किती पैसा ओतला ठाऊक आहे? पाट्या तरी वाचा." ग्लेनिस म्हणाली होती, "वाचली गं. पाटी झकास होती. तिथली तेवढीच वस्तू टिकली." लिंझी हसली नव्हती.

तेवीस तारखेला दुपारी दारात हॉर्न वाजला. रॉयस्टन, ग्लेनिसचा धाकटा भाऊ, गाडी घेऊन आला होता. त्याचं मटण नि सॉसेजचं दुकान, बाप जसा जन्मभर हुजूर पक्षाचा तसा तोही, पक्षासाठी दर मतदानाला म्हाताऱ्यांना गाडीतून ने-आण करायची त्याची जुनी पद्धत. ग्लेनिसने मागचं दार उघडलं तर आत नॉरीन टॅम्स बसलेली. ग्लेनिसला वाटलं, आपण चुकीच्या गाडीत शिरतोय. खाण कामगारांचा संप झाला त्या साली नॉरीन ह्याच रॉयस्टनच्या दुकानासमोर बादली वाजवत संपकऱ्यांसाठी पैसे गोळा करायची आणि हा तिच्या पायावर फरशी धुतल्याचं पाणी फेकायचा. तेव्हापासून नॉरीन दुसऱ्या गावाहून मटण आणत होती. मजूर पक्षाशिवाय तिने कधी कुठे फुली मारली नव्हती. "बस की आत," नॉरीन म्हणाली. "माझा गुडघा गेलाय आणि ह्याच्याकडे चाकं आहेत. एवढंच." रॉयस्टन आरशातून म्हणाला, "पाय पुसून बसलीय ना ती? लाल माती धुऊन निघत नाही सीटची." "तुझ्या गाडीत बसले म्हणून वर गेल्यावर माझी आई मला दारात उभी करणार नाही." "वर? तुला वर कोण घेतंय?" ह्या दोघांचं चहात दूध आधी की नंतर ह्यावरही कधी एकमत झालं नसतं, आणि आज ही दोघं एका गाडीत, बाहेर पडायच्या एकाच चौकटीवर फुली मारायला निघाली होती.

वाटेत रॉयस्टनने गाडी धिरड्यांच्या दुकानापाशी थांबवली. खिडकीतून तव्यावरची गरम ओटची धिरडी चीज नि बेकन घालून गुंडाळून देतात, ती घेऊन तिघं गाडीतच खात बसली. "माझं सोपं आहे," रॉयस्टन तोंडात घास धरून म्हणाला. "दर वर्षी कुणीतरी नवा नियम घेऊन येतो. सॉसेज कुठे टांगायचं, पाटी केवढी लावायची. कुणी केला म्हटलं की म्हणतो, तिकडून आलाय. तिकडे कोण बसलंय? मला त्याचं नाव नाही माहीत, तोंड नाही माहीत. इथला असता तर पुढच्या निवडणुकीला पाडला असता. उंटावरून शेळ्या हाकतात साले, आणि शेळ्या आपण." "तुझ्या सॉसेजसाठी मी गुडघा घासत आलेले नाही," नॉरीन म्हणाली. "माझ्या नातवाला गोदामवाले सकाळी मेसेज करतात, ये किंवा येऊ नको. नको म्हटलं तर म्हणे रांग लागलीय, चिमूटभर पगारात काम करायला बाहेरून आलेले लोक आहेत. लोकांचा काय दोष, ती पण पोरंच कुणाची तरी. पण मालकाला रांग कुणी लावून दिली? आणि आमचे खासदारसाहेब. निवडणूक आली की ह्याच खिडकीपाशी येतात, धिरडं हातात धरून फोटो काढतात. अर्धं खाऊन डब्यात टाकलेलं मी ह्या डोळ्यांनी पाहिलंय." रॉयस्टन खुशीत आला. "तुमच्याकडे गाढवाला लाल फीत बांधून उभं केलं तरी निवडून येतं." "गाढव असतं तर बरं होतं. ते निदान गावात राहिलं असतं," नॉरीन म्हणाली, आणि दोघं हसली, आणि हसल्याबद्दल दोघांनाही कसंनुसं झालं. ग्लेनिस मधल्या मधे खात होती. आता हे मला विचारतील, असं तिला वाटलं, आणि काय सांगायचं ह्याची ती जुळवाजुळव करायला लागली. लिंझी, वचन, इनेश. पण नॉरीनने हात पुसले आणि म्हणाली, "चला." "ग्लेनला नाही विचारलं," रॉयस्टन म्हणाला. "तिला काय विचारायचंय? ती आपल्यातलीच." आणि गाडी सुरू झाली.

"लंडनला तुझी प्लेट पाहिली," ग्लेनिस थोड्या वेळाने म्हणाली. "लिंझीकडे. तीन ठिपके." नॉरीन खिडकीतून बाहेर बघत होती. कारखान्याच्या जागी आता गाड्या धुतात, तिथून त्यांची गाडी जात होती. "तडा गेलाय?" तिने विचारलं. "नाही." "नाहीच जायचा." मग म्हणाली, "लिंझीला सांगितलंस, माझी म्हणून?" "राहिलं सांगायचं." नॉरीनने मान हलवली, जशी काही तिला सवयच होती.

मतदान मेथडिस्ट चर्चच्या मागच्या हॉलमध्ये होतं, जिथे एरवी लहान मुलं नाच शिकतात. दाराशी रांग होती. ह्या भागात मतदानाला रांग, हे ग्लेनिसने कधी पाहिलं नव्हतं. जन्मात मत न दिलेली माणसं आली होती, कुत्री घेऊन, पोरं घेऊन, एकजण तर घरातल्या सपाता घालून. नॉरीनने पर्समधून पेन काढलं. "इथे दोरीला पेन्सिल बांधलेली असते. पेन्सिलीचं रात्री खोडून टाकतात म्हणे." "तुझ्या मेंदूला गंज चढलाय," रॉयस्टन म्हणाला, आणि कोटाच्या खिशातून त्यानेही पेन काढलं. दोघांनी एकमेकांच्या पेनांकडे पाहिलं. नॉरीन म्हणाली, "माझं झालं की तुला देते." ग्लेनिस म्हणाली, "मला नको. मला पेन्सिल चालते."

तीन बाजूंनी बंद केलेल्या त्या लाकडी खोक्यात उभी राहिली तेव्हा तिचा विचार पक्का होता. वरची चौकट राहायची, खालची बाहेर पडायची. कागद लांबट होता आणि त्यावर छापलेलं अगदी थोडं होतं. बाहेर कुणाचं तरी बाळ रडत होतं. ग्लेनिसने पेन्सिल उचलली आणि वरच्या चौकटीपाशी नेली. इनेश, ती मनात म्हणाली. इनेशचे केस. पेन्सिलीचं टोक कागदाला टेकणार तेवढ्यात तिच्या मनात आलं, हे नूनोचं मत. नूनोचं, इनेशचं, लिंझीचं. माझं कुठाय? दर निवडणुकीला मत दिलं, नॉरीन सांगेल तिथे दिलं, क्लिफर्ड सांगेल तिथे दिलं, आणि इथे कुणालाही द्या, तोच निवडून येतो, मोजणारे मोजायच्या आधी घरी जात असतील. आज पहिल्यांदा मोजलं जाणार होतं, आणि आजही ते दुसऱ्याला दिलेलं. तुझ्या इथे काय बदलणार आहे? तिच्या हातात हात घालून, प्रेमाने. त्या प्रेमाचा तिला इतका संताप आला की डोळ्यांसमोर लिंझीचं तोंड आलं, टेबलापलीकडचं, हसणारं, ग्रासाची समजूत घालणारं. ह्यांना एकदा लागू दे. एकदा तरी वळून बघावं लागू दे की तिकडे कोण आहे. हे चूक आहे हे तिला कळत होतं. नूनोने तिचं काही वाकडं केलं नव्हतं, त्याच्याइतकं नीट तिच्याशी त्या घरात कुणी बोलत नव्हतं. इनेश जाईल, हेही कळत होतं. सगळं कळत होतं, लख्ख, आणि तरी हात खाली सरकला. तिने फुली मारली. दोन्ही रेघा सरळ, बरोबर मध्ये एकमेकींना छेदणाऱ्या. कागद दुमडून पेटीत टाकला तेव्हा पोटात गरम गरम वाटलं, पहिल्या घोटाच्या ब्रँडीसारखं. गाडीत बसेपर्यंत ते उतरलं आणि मागे नुसती भीती उरली. "झालं?" रॉयस्टनने विचारलं. "झालं."

सकाळी रेडिओने सांगितलं, देश बाहेर पडणार. ग्लेनिस चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होती. तिला वाटलं होतं, आपल्या एकीच्या फुलीने काय होणार, शहाणी माणसं सावरून घेतील. शहाण्या माणसांनाही तेच वाटलं होतं, असं रेडिओवरच्या आवाजांवरून दिसत होतं. फोन वाजला. लिंझीचा आवाज रडून बसला होता. "आई." "बोल गं." "ऐकलंस?" "ऐकलं." "तुमच्या गावाचं पाहिलं मी. दहांतले सात, आई. दहांतले सात. मी नूनोला म्हटलं, त्या उरलेल्या तिघांत माझी आई आहे. कशी राहतेस गं तू त्या लोकांत?"

गप्प बसलं असतं तर भागलं असतं. ग्लेनिसने रात्रभर तेच ठरवलं होतं, विचारलं तर हो म्हणायचं, लेकीच्या समाधानासाठी एवढं खोटं देवालाही चालतं. पण 'त्या लोकांत' म्हटल्यावर तिला गाडीतली नॉरीन दिसली, गुडघा चोळणारी, आणि तोंडातून निघून गेलं. "मी त्या सातांत आहे, लिंझी." ग्लेनिसने डोळे मिटले. आता ओरडेल. लहानपणी चिडली की घराची दारं खिळखिळी करायची ही मुलगी, आता शिव्या देईल, वचन मोडलंस म्हणेल, पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हणेल. ग्लेनिसला ते हवं होतं. ओरडली तर भांडता येईल. भांडताना सगळं बोलता येईल, आणि मग दोघी रडतील, आणि मग कदाचित काही उरेल. "बरं," लिंझी म्हणाली. इनेशने दूध सांडलं की ज्या आवाजात ती बोलायची त्या आवाजात. "ठीक आहे, आई. तुझी काही चूक नाही." "म्हणजे?" "खोटं सांगितलं गं तुम्हाला. पेपरांनी, त्या पुढाऱ्यांनी. घाबरवून सोडलं. तुला काय कळणार त्यातलं." "मला कळत होतं." "नाही गं, आई." "लिंझी, मी सगळं कळून केलंय." "तुला तसं वाटतंय," लिंझी म्हणाली, हळू, समजुतीने. "मी नाही रागावले तुझ्यावर. कशी रागावू? आम्ही बहुतेक जाऊच. पण तू सुट्टीला ये तिकडे. ग्रासाही म्हणाल्या, यू दे म्हणून. थांब, नूनो फोन मागतोय."

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला. मागे इनेश काहीतरी आपटत होती. "ग्लेनिस," नूनो म्हणाला. तो रडला नव्हता, पण झोपलाही नव्हता. "भांडायला नाही घेतला फोन. एकच विचारतो. का?"

ती कप ओट्यावर ठेवायला गेली आणि तो कलंडला. इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. टाय सैल केलेल्या पोराने नाही, केंद्रातल्या मुलीने नाही, साहेबांनी नाही, रॉयस्टनने नाही, नॉरीनने नाही, पोटच्या पोरीने नाही. विचारलं ते ह्याने, ज्याचं घर मोडलं त्याने, आणि त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं. कारणं पोत्याने होती. कॅन्टीनपासून सुरुवात केली असती तर दुपार झाली असती. पण त्यातलं एकही कारण त्या लाकडी खोक्यात तिच्यासोबत नव्हतं. "तुझ्यामुळे नाही रे बाळा," ती म्हणाली. "इनेशची शपथ." "ते माहितीये मला," नूनो म्हणाला. "मग कुणामुळे?"

त्याच्या शेजारी लिंझी उभी होती. फोनला कान लावून, तिचा श्वास ऐकू येत होता. बाहीत अंगठा घातला असेल. एक वाक्य बोललं की संपत होतं. ती हसली म्हणून, एवढंच. ते वाक्य त्या पोरीने जन्मभर उरावर बाळगलं असतं, पोर्तोच्या त्या खोलीत, नवऱ्यासमोर, सासूसमोर. आणि मग सुट्टीला कुणी बोलावलं नसतं. ग्लेनिसने ओट्यावरचा चहा फडक्याने टिपला. जिथे पसरला होता तिथे एकदा, आणि जिथे नव्हता तिथेही.

"खरं सांगू का," ती म्हणाली, "माझा चष्मा घरी राहिला होता. गर्दी केवढी होती. वरची कुठली, खालची कुठली, काही उमजेना. भलत्याच चौकटीत फुली पडली."

नूनोने विचारलं, "खरंच, ग्लेनिस?"

"खरंच."

मागून लिंझीचा आवाज आला, रडून बसलेला पण एकदम हलका झालेला. "बघ. म्हटलं होतं ना मी तुला? तिला कळलंच नसणार."